तारांवरची जागल



यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलांना 'जागल' म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही. इतर वाचकांसाठी सांगते. शेतात तूर, हरभरा उभा असला की रात्री रानडुकरं आणि रोही पिकात घुसतात. मग शेतकरी मचाणावर बसून रात्रभर पहारा देतो. हीच जागल. अंधारात एका मचाणावरून दुसऱ्या मचाणाकडे हाक जाते, "होऽऽ!" पलीकडून उत्तर येतं, "होऽऽ!" उत्तर आलं की समजायचं, गडी जागा आहे, सगळं ठीक आहे. नाही आलं तर पुन्हा हाक. तीनदा हाक देऊनही उत्तर नाही, तर मात्र बॅटरी आणि काठी घेऊन बघायला निघायचं.

आज आपण ज्या यंत्रणेची ओळख करून घेणार आहोत, ती अगदी याच रीतीने चालते. फक्त शेताच्या जागी आहे कॉम्प्युटरचं जाळं, आणि मचाणाच्या जागी आहे 'स्विच' नावाची पेटी.

ही कोणती पेटी?

स्विच म्हटलं की भिंतीवरचं दिव्याचं बटण आठवतं. हा स्विच वेगळा बरं का! शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत, बँकेत किंवा तहसील कार्यालयात भिंतीला टांगलेली एक चपटी पेटी असते. तिला ८, २४ किंवा ४८ खाचा असतात. त्या प्रत्येक खाचेला 'पोर्ट' म्हणतात. एकेका पोर्टात एकेका कॉम्प्युटरची तार खोचलेली असते. एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला काही पाठवलं की स्विच त्यावरचा पत्ता वाचतो आणि नेमक्या त्याच पोर्टातून ते पुढे देतो. पोस्टात पत्रं निवडून योग्य खणात टाकणारे काका असतात ना, तसंच हे काम. फरक एवढाच, की हा पोस्टमन सेकंदाला हजारो पत्रं निवडतो.

आता ही पेटी बंद पडली तर? तिला जोडलेले सगळे कॉम्प्युटर एकदम मुके होतात. आणि गंमत अशी, की बंद पडलेली पेटी "मी बंद पडले हो!" असं ओरडून सांगू शकत नाही. ती नुसती गप्प होते. ही शांतता ओळखायची कोणी आणि कशी, हाच आजचा प्रश्न आहे.

एका दाखल्याची गोष्ट

तुम्ही म्हणाल, "पेटी बंद पडली तर पडली. त्यात एवढं काय?"

आपला जिल्हा केवढा मोठा आहे ते नकाशात पाहा. १६ तालुके आणि हजारावर ग्रामपंचायती. एकीकडे वणी, झरी जामणी, तर दुसरीकडे पुसद, उमरखेड. जिल्ह्याच्या गावापासून ही टोकं शंभर किलोमीटरच्या आसपास दूर आहेत. २०११ साली केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत काचेच्या तंतूची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर, नेण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. तालुक्याच्या ठिकाणाहून तार निघते आणि गावात एका पेटीपाशी येऊन थांबते.

आता एक आई समजा. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी तिला उत्पन्नाचा दाखला हवा आहे. कापूस वेचायची एक दिवसाची मजुरी बुडवून ती सेवा केंद्रात येते. तिथे उत्तर मिळतं, "लिंक नाही, उद्या या." उद्या पुन्हा मजुरी बुडते. परवा अर्जाची तारीखच संपते. वाटेतली कुठली तरी एक पेटी कालपासून गप्प होती, एवढंच कारण. पण ते कळण्याच्या जागी कोणाला कळलंच नव्हतं. कालच कळलं असतं, तर दुरुस्ती करणारा माणूस आज सकाळीच निघाला असता.

म्हणून तक्रार येण्याची वाट पाहत बसायचं नाही, आपणच हाक देत राहायचं. भारतनेटसारख्या मोठ्या जाळ्यावर नजर ठेवायला मोठी यंत्रणा लागते. भारतनेटसाठी ती सी-डॉट या सरकारी संस्थेने तयार केली. पण शाळा, महाविद्यालय, दवाखाना अशा लहान जाळ्यासाठी जागल बसवायची असेल, तर तिचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं! ते कसं, ते पाहू.

हाक देण्याची भाषा

निरनिराळ्या कंपन्यांच्या पेट्या. प्रत्येकीची भाषा वेगळी असती, तर हाक तरी कशी देणार? म्हणून १९८८ साली अमेरिकेतल्या जेफ्री केस, मार्क फेडोर, मार्टिन शॉफस्टॉल आणि जेम्स डेव्हिन या चौघांनी एक सोपी, सर्वांना सारखी अशी रीत लिहून काढली. तिचं नाव 'सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल', थोडक्यात एसएनएमपी. नावातच 'सिंपल' आहे, म्हणजे सोपी!

या रीतीत दोघे जण बोलतात. एक आपला पहारेकरी कॉम्प्युटर. दुसरा स्विचच्या आत बसलेला 'एजंट' नावाचा छोटा प्रोग्रॅम. पहारेकरी विचारतो, एजंट उत्तर देतो. काही वेळा एजंट न विचारताही ओरडतो, "अहो, माझ्या ७ नंबरच्या पोर्टाची तार तुटली!" या ओरडण्याला 'ट्रॅप' म्हणतात. मचाणावरचा गडी डुक्कर दिसताच आरोळी ठोकतो ना, तसंच. पण गडीच झोपला तर आरोळी कोण देणार? म्हणून ट्रॅपवर विसंबायचं नाही, नेमाने हाक द्यायचीच.

विचारायचं काय, तेही ठरलेलं आहे. प्रत्येक माहितीला एक लांबलचक क्रमांक असतो. उदाहरणार्थ, १.३.६.१.२.१.१.३.० हा पाहा. घाबरू नका! जमीन शोधताना आपण जिल्हा, तालुका, गाव आणि मग गट क्रमांक असे आत आत जातो की नाही? इथेही तसंच. एकेक आकडा म्हणजे एकेक पायरी. वरच्या क्रमांकाचा अर्थ आहे, "तू सुरू होऊन किती वेळ झाला?"

उत्तर सेकंदाच्या शंभराव्या भागात येतं. समजा सकाळी ११ वाजता उत्तर आलं १०,८०,०००. शंभराने भागा, १०,८०० सेकंद. त्याला ३,६०० ने भागा, ३ तास. म्हणजे पेटी सकाळी ८ वाजता सुरू झाली. मग त्याआधी बंद का होती? बहुधा वीज गेली असेल. पाहा, एका आकड्यावरून केवढा पत्ता लागला!

मीटरचं गणित

प्रत्येक पोर्टातून किती माहिती आली आणि गेली, हे स्विच मोजत असतो. आपल्या घरच्या विजेच्या मीटरसारखं. मीटरवाले काका या महिन्याच्या आकड्यातून मागचा आकडा वजा करतात. पहारेकरीही तेच करतो.

सकाळी १० वाजता आकडा होता ८,००,००,००० बाइट. १० वाजून ५ मिनिटांनी झाला ९,५०,००,०००. वजाबाकी १,५०,००,०००. पाच मिनिटांचे सेकंद ३००. भागाकार करा, सेकंदाला ५०,००० बाइट. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून सेकंदाला ४,००,००० बिट. असं दिवसभर करून आलेख काढला, की कोणत्या वेळी तार तुडुंब भरते आणि कधी रिकामी असते ते डोळ्यांना दिसतं. 'शाळेचं इंटरनेट दुपारीच का मंदावतं?' याचं उत्तर भांडून मिळत नाही, या आलेखात मिळतं.

फुकटचं, पण मोलाचं

१९९४ साली टोबियास ओटिकर नावाचा तरुण इंग्लंडमध्ये लेस्टर इथल्या डी माँटफर्ट विद्यापीठात काम करत होता. साऱ्या विद्यापीठाला बाहेरच्या जगाशी जोडणारी तार एकच, सेकंदाला ६४ हजार बिटांची! ती भरली किती, हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचं असे. त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो एसएनएमपीने आकडे विचारी आणि आलेख काढी. १९९५ च्या वसंत ऋतूत त्याने तो एमआरटीजी या नावाने सर्वांसाठी खुला केला. डेव्ह रँड नावाच्या एका वापरणाऱ्याने त्याचा भाग नव्याने लिहून तो कितीतरी वेगवान केला आणि परत पाठवला. हा खुलेपणाचा फायदा! त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडे विदेश संचार निगमने मुंबईसह मोठ्या शहरांत सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं.

ज्या सॉफ्टवेअरची मूळ लिखावट कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो आणि दुसऱ्याला देऊ शकतो, त्याला 'ओपन सोर्स' म्हणतात. आज या कामासाठी झॅबिक्स आणि लिब्रेएनएमएस अशी ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहेत. झॅबिक्सचा जन्म लाटव्हिया या छोट्याशा देशातला, तर लिब्रेएनएमएस २०१३ पासूनचं.

जागल कशी बसवायची?

हे काम शाळेतल्या किंवा महाविद्यालयातल्या जबाबदार मोठ्या माणसाने, परवानगीने करायचं. मोठ्या वर्गातल्या मुलांनी सोबत बसून शिकायचं.

पहिलं काम कागदावरचं. कोणती पेटी कुठे आहे, कोणती तार कुठे जाते, याचा नकाशा काढा. प्रत्येक पेटीला नाव द्या. 'पेटी ३' नको, 'ग्रंथालय, पहिला मजला' असं द्या. रात्री शोधायला जाणाऱ्याला ते उपयोगी पडतं.

दुसरं, पेटी बोलकी आहे का ते पाहा. अगदी स्वस्त स्विचमध्ये एजंट नसतो. ज्यात असतो त्याला 'मॅनेज्ड स्विच' म्हणतात. त्याच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी सुरू करा आणि फक्त 'वाचण्याची' परवानगी द्या, बदलण्याची नको.

तिसरं, एक साधा, जुना पण धडधाकट कॉम्प्युटर घ्या. त्यावर लिनक्स आणि वरच्यापैकी एक सॉफ्टवेअर बसवा. त्यात स्विचचा पत्ता आणि परवलीचा शब्द भरा. लिब्रेएनएमएस साधारणपणे दर पाच मिनिटांनी हाक देतं. तेव्हा थोडा धीर धरा, आलेखाची रेघ हळूहळू पुढे सरकू लागेल.

चौथं, धोक्याची सूचना कधी द्यायची ते ठरवा. हाक पोस्टकार्डासारखी जाते, एखादी वाटेत हरवतेही. म्हणून एकदा उत्तर आलं नाही की लगेच घंटा वाजवू नका. लागोपाठ दोन-तीन वेळा उत्तर नसेल तरच वाजवा. सारखी खोटी घंटा वाजली, तर खऱ्या वेळी कोणी उठणार नाही. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आठवते ना?

पाचवं, पहारेकऱ्यालाही पहारेकरी हवा. वीज गेली आणि पहारेकरी कॉम्प्युटरच बंद पडला, तर सगळं शांत! तेव्हा त्याला बॅटरीचा आधार द्या. आणि कुणीतरी रोज सकाळी एकदा पडदा पाहायचाच, असा नेम ठेवा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा

एक, कुलपाची. बऱ्याच पेट्यांचा परवलीचा शब्द कारखान्यातूनच 'पब्लिक' असा येतो. तो साऱ्या जगाला ठाऊक आहे! तो आधी बदला. शिवाय एसएनएमपीच्या पहिल्या दोन पिढ्यांत हा शब्द तारेवरून उघडाच जातो. तिसरी पिढी २००२ साली पूर्ण प्रमाण म्हणून मान्य झाली. तिच्यात बोलणं कुलूपबंद करता येतं. पेटीला ती येत असेल तर तीच वापरा.

दुसरी, मर्यादेची. या रीतीने स्विचला विचारलं, तर कोणत्या पोर्टातून किती माहिती गेली ते कळतं. पत्रात काय लिहिलं आहे ते कळत नाही, आणि आपल्याला ते कळायला नकोच. जागल करणारा पीक राखतो, शेजाऱ्याच्या घरात डोकावत नाही.

आणि पालकांनो, एक शब्द तुमच्यासाठी. पडद्यावर लाल खूण दिसली म्हणजे पेटी दुरुस्त होत नाही. कोणीतरी उठून जावंच लागतं. कोणी जायचं, त्याचं नाव आणि फोन नंबर त्या कॉम्प्युटरशेजारी भिंतीवर लिहिलेला असावा. नाहीतर सगळ्यांना कळलं, पण गेलं कोणीच नाही, असं व्हायचं. मग ती दाखल्याची वाट पाहणारी आई तशीच उभी राहील.

डोकं चालवा

१. पहारेकऱ्याची तार आधी कार्यालयातल्या पेटीत जाते. तिथून प्रयोगशाळेतल्या आणि तिथून ग्रंथालयातल्या पेटीत. कार्यालयातली पेटी उत्तर देते आहे, बाकीच्या दोन गप्प आहेत. आधी कुठे धावाल? आणि का?

२. एका पोर्टाचा आकडा पाच मिनिटांत २,००,००,००० वरून ३,२०,००,००० बाइट झाला. सेकंदाला किती बिट गेले?

३. मोठ्या मुलांसाठी. 'सुरू होऊन किती वेळ झाला' हा आकडा ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच जातो आणि मग पुन्हा शून्यापासून सुरू होतो. म्हणजे एकदाही बंद न पडलेली पेटी साधारण किती दिवसांनी "मी आत्ताच उठले!" असं म्हणेल?

उत्तरं वहीत काढून ठेवा. पुढच्या अंकात ताडून पाहू. तोवर तुमच्या शाळेतली पेटी कुठे टांगली आहे, तेवढं शोधून ठेवा. मात्र तिला हात लावायचा तो बाईंना किंवा सरांना विचारूनच!