चुकलेले जोड-विमान आणि प्रवाशाचा हक्क

वैद्यकीय परिषदा आणि परदेशी स्थायिक झालेली मुले, या दोन कारणांनी आम्हा इंदूरकर डॉक्टरांचा विमानप्रवास नित्याचा झाला आहे. दूरच्या प्रवासात बहुधा मुंबई अथवा दिल्ली येथे विमान बदलावे लागते. पहिले विमान तासभर उशिरा पोहोचले की दुसरे चुकते आणि मुक्काम गाठण्यास प्रसंगी एक दिवस अधिक लागतो. मग विलंब कोणता मोजावयाचा, तासाचा की दिवसाचा?

युरोपने याचे उत्तर दिले आहे. तेथील 261/2004 क्रमांकाचा नियम 17 फेब्रुवारी 2005 रोजी लागू झाला. ब्रेमेनहून पॅरिस व साओ पावलोमार्गे असुन्सियोनला निघालेल्या एका प्रवासी महिलेचे पहिले विमान सुमारे अडीच तास उशिरा सुटले. पुढील विमाने चुकून ती अकरा तास उशिरा पोहोचली. 26 फेब्रुवारी 2013 रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला, की विलंब अंतिम मुक्कामी मोजावा. तो तीन तास वा अधिक असल्यास, असाधारण परिस्थिती वगळता, अंतरानुसार 250 ते 600 युरो भरपाईचा हक्क त्या नियमान्वये मान्य झाला.

आपल्याकडे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचे प्रवासी-सुविधाविषयक नियम 2010 पासून आहेत. विलंब झाल्यास अल्पोपाहार, दीर्घ विलंबात पर्यायी विमान वा परतावा आणि ठराविक प्रसंगी हॉटेल, इतके त्यांत आहे. एकाच तिकिटावरील जोड-विमान चुकल्याचा उल्लेखही आहे. परंतु पर्यायी विमान स्वीकारून दुसऱ्या दिवशी पोहोचणाऱ्यास निश्चित रक्कम मिळत नाही.

भरपाईने तिकिटे महागतील, असा आक्षेप घेतला जातो. धुके वा वादळ यांबद्दल कंपनीस दोष देऊ नये, हे मलाही मान्य आहे. परंतु एकाच तिकिटावर दोन विमानांमधील अवधी कंपनीच ठरवून विकते. तो अपुरा ठरल्यास त्याचा भार प्रवाशाने का सोसावा? बालरोगतज्ज्ञ म्हणून मला विशेष चिंता वाटते ती तान्ह्या मुलांची. सँडविचचे कुपन आईच्या हाती देऊन सहा महिन्यांच्या बाळाची सोय होत नाही. उकळलेले पाणी, दूध गरम करण्याची व्यवस्था आणि स्तनपानासाठी आडोसा यांचा नियमांत स्पष्ट उल्लेख हवा.

तोपर्यंत आपण सावध असावे. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर घ्यावीत, बोर्डिंग पास जपावेत, विलंबाचे कारण लेखी मागावे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मुंबई-दिल्लीस खेटे घालावे लागत नाहीत. रक्कम लहान असली तरी ती मागावी, कारण अशा तक्रारी नोंदल्या गेल्या तरच नियम बदलण्याची निकड शासनास जाणवेल.