पाण्याचा जमाखर्च

गृहिणी महिन्याच्या आरंभी घरातील धान्य पाहते आणि मगच रोजचा शिधा काढते. वाणी दुकान बंद करण्यापूर्वी वही उघडून जमा किती व खर्च किती, हे ताडून पाहतो. धान्याचा आणि पैशाचा असा हिशेब ठेवणारे आपण पाण्याचा हिशेब मात्र ठेवीत नाही. जे आकाशातून फुकट पडते त्याचा हिशेब कसला, असे आपल्याला वाटते. हा समज टाकून दिल्यास गावाचे भाग्य कसे पालटते, हे हिवरे बाजार या लहानशा गावाने दाखवून दिले आहे.

हे गाव अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात आहे. सह्याद्री ओलांडून येणारे ढग येथवर पोहोचेपर्यंत बहुतेक रिते झालेले असतात. त्यामुळे वर्षाकाठी सरासरी सुमारे ४०० मिलिमीटर एवढाच पाऊस येथे पडतो. १९७२ सालच्या दुष्काळानंतर गावाची दशा शोचनीय झाली. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या आणि कित्येक कुटुंबांनी पोटासाठी शहराची वाट धरली. १९८९ साली ग्रामस्थांनी पोपटराव पवार या सुशिक्षित तरुणास सरपंच निवडले. त्यांच्या पुढाकाराने गावकरी श्रमदानास लागले. त्यांनी डोंगरउतारावर समतल चर खणले, ओढ्यांना बांध घातले, झाडे लावली. पूर्वी वाहून जाणारे पाणी आता जमिनीत मुरू लागले.

बांध पुष्कळ गावांनी घातले. अडवलेल्या पाण्याच्या वापराला शिस्त लावणे मात्र थोड्याच गावांना साधले. एक हेक्टर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी मिळते. म्हणजे पाऊस मोजता आला की पाणी मोजता येते. हिवरे बाजारात दरवर्षी पडलेला पाऊस आणि विहिरींतील पाण्याची पातळी यांवरून हा जमाखर्च मांडतात व तो ग्रामसभेपुढे ठेवतात. माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढले जाते. उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची, हे त्यानंतर ठरते. उसासारखे फार पाणी पिणारे पीक तेथे वर्ज्य आहे आणि शेतीसाठी विंधन विहीर घेण्यासही मनाई आहे.

यावर कोणी म्हणेल, "शेत माझे, विहीर माझी, मग ग्रामपंचायतीने आडकाठी का घालावी?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. शेताचा बांध जमिनीवर असतो. भूगर्भातील पाणी तो बांध जाणत नाही. डोंगरावर सर्वांच्या श्रमाने मुरलेले पाणीच खालच्या विहिरीत उतरते. एकाने दोनशे-तीनशे फूट खोल जाऊन पाण्याचा उपसा केला, तर शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. त्याने ते पाणी आपल्याच जमिनीतून काढले, म्हणून ते त्याच्या एकट्याचे ठरत नाही.

तथापि, नियम करणाऱ्यांवरही एक जबाबदारी असते. नियमाचा भार दुबळ्यांवरच पडता कामा नये. डोंगरावर गुरे मोकळी सोडण्यास बंदी झाली, तेव्हा ज्याच्यापाशी दोन शेळ्या व हातभर जमीन, त्याने काय करावे? हिवरे बाजाराने गुरांना मनाई केली, परंतु गवत कापून नेण्यास मुभा दिली. त्यामुळे झाडेही वाचली आणि चाराही मिळाला. जो नियम वाट बंद करतो, त्याने दुसरी वाट दाखवलीच पाहिजे. शिवाय येथील नियम ग्रामसभेत, सर्वांसमक्ष ठरतात. आपण मिळून घातलेले बंधन माणसाला जाचत नाही. ते मोडताना मात्र त्याला लाज वाटते.

पुढे शहरात गेलेली कित्येक कुटुंबे गावी परतली. २०२० साली भारत सरकारने पोपटराव पवार यांचा पद्मश्री देऊन गौरव केला. तो मान त्यांचा आहेच. पण आपला हात आवरणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचाही त्यात वाटा आहे, असे मला वाटते. गाव करी ते राव न करी, असे आपले पूर्वज म्हणत, ते उगीच नव्हे.

मुलांनो, ग्रामसभेत मत देण्यास तुम्हांला अजून काही वर्षे अवकाश आहे. परंतु पाऊस मोजण्यास वयाची अट नाही. यंदाच्या पावसाळ्यात शाळेच्या अंगणात एक पर्जन्यमापक ठेवा आणि रोजचा आकडा फळ्यावर लिहा. तो आकडा पाहून एखादा गावकरी क्षणभर थांबला आणि आपल्या गावाला यंदा किती पाणी मिळाले, असे त्याने विचारले, तर तुमच्या गावाचा जमाखर्च सुरू झाला, असे खुशाल समजा.