शेळीचे वेत आणि मालकाची घाई

शेळी ही अल्पभूधारकाची व भूमिहीन मजुराची चालती ठेव होय. ही ठेव लवकर वाढावी, अशी मालकाची इच्छा असणे स्वाभाविक आहे. परंतु त्यासाठी केलेली घाई पुष्कळदा मुदलावरच घाला घालते.

शेळी सुमारे पाच महिने गाभण असते. व्याल्यानंतर तीन महिन्यांनी ती पुन्हा भरविल्यास दोन वर्षांत तीन वेते मिळतात. उस्मानाबादी शेळी पुष्कळदा जुळी करडे देते. तेव्हा हा हिशेब मोहक वाटतो. मात्र तो पोटभर चारा व खुराक मिळणाऱ्या शेळीचा आहे. जिच्या पाठीचा कणा हाताला टोचतो, तिच्याकडून हीच अपेक्षा करणे म्हणजे खत न घालता एकाच शेतातून तीन पिके मागणे होय. अशा शेळीच्या आचळांत दूध नसते, करडे अशक्त जन्मतात, आणि कागदावर वाढलेले वेत दावणीला दिसत नाही.

खरा दोष असा की, बोकड बारमाही कळपात मोकळा राहतो. त्यामुळे शेळी केव्हा फळावी हे मालक ठरवीत नाही, बोकड ठरवितो. कोवळ्या पाठीही अकाली गाभण राहतात. पाठ १० ते १२ महिन्यांची होऊन तिचे वजन २२ किलोच्या आसपास भरेपर्यंत ती भरवू नये. बोकड वेगळा बांधावा.

वेळ निवडताना पावसाकडे पाहणे अवश्य आहे. मे-जूनमध्ये भरलेली शेळी गाभणपणात हिरवा चारा खाते व ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोरड्या हवेत विते. फेब्रुवारी-मार्चमध्ये भरलेली शेळी जुलै-ऑगस्टच्या झडीत विते. ओलसर गोठ्यात करडांना फुप्फुसदाह व जंत यांचा उपद्रव होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरवावयाची असल्यास उन्हाळ्यात दूध पाजणाऱ्या आईसाठी वाळला चारा आधीच राखून ठेवला पाहिजे. भरविण्यापूर्वी दोन-तीन आठवडे रोज पावशेर भरडा दिल्यास शेळीचा कस सुधारतो.

थांबण्यात फार नुकसान होते, हा समजही चुकीचा आहे. शेळी सुमारे २१ दिवसांनी पुन्हा माजावर येते. शेपूट हलविणे, वारंवार ओरडणे व योनीतून स्वच्छ चिकट स्राव येणे ही माजाची लक्षणे होत. ती सकाळी दिसल्यास शेळी संध्याकाळी व पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी बोकडास दाखवावी. एक माज सोडला तर तीन आठवडे जातात. करडू मेले तर आठ महिन्यांची मेहनत वाया जाते. यांतील तोटा कशात अधिक, हे सांगावयास नको.

म्हणून ग्रामसेवकाने गोठ्यात गेल्यावर वर्षात किती वेते झाली एवढेच विचारून थांबू नये. तीन महिन्यांची होऊन किती करडे जिवंत राहिली, हेही विचारावे व शेळी भरविल्याची तारीख घरातील मुलाकडून वहीत लिहवून घ्यावी. ज्या घरात ही नोंद राहील, त्या घरात घाईची जागा विचार घेईल.