घरचा गंधार
गेल्या रविवारी, स्वयंपाकघरातला कुकर शांत झाल्यावर, कीबोर्डच्या साथीने गायिलेला यमन मी मोबाइलवरून गवई मित्रांकडे रवाना केला. तासाभरात एका स्नेह्याचा अभिप्राय आला, की समविभाजित सप्तकामुळे कीबोर्डचा गंधार स्वयंभू गंधाराहून सुमारे १४ सेंट चढा असतो आणि गळा त्याच्यामागे ओढला गेला आहे. अशाच आक्षेपांपोटी आकाशवाणीने १९४० साली पेटीला केलेला मज्जाव १९७१ पर्यंत टिकला, हे जुन्या श्रोत्यांस स्मरत असेल. परंतु सभागृहातील टाळ्यांत बुडून जाणारे वैगुण्य ओळखणारा असा जाणकार कान घरबसल्या लाभणे, ही मी या काळाची थोर देणगी मानतो. अशा कानांपुढे यंत्राकडून सूर दुरुस्त करवून, वर कृत्रिम घुमाऱ्याचा मुलामा चढवून गाणे ठेवणे म्हणजे वैद्याला दुसऱ्याचीच नाडी दाखविणे होय. वाचकहो, पाठवाल ते कच्चेच पाठवा.