उतारावरच्या बागा, काठावरची तळघरं

द्राक्षबाग म्हटली की आपल्यापुढं मांडव आणि ओळींतून जाणारा ट्रॅक्टर येतो. जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात चित्र वेगळं. बागा डोंगराच्या अंगावर, दगडी ताली रचून धरलेल्या. शंभर फुटांना तीस फूट चढ, कुठं त्याहून जास्त. छाटणी-काढणी बरीचशी माणसाच्या हातापायांवर. सारी लागवड साडेपाचशे हेक्टरांच्या आसपास, त्यात लाल वाइनचं द्राक्ष जास्त. इतक्या उत्तरेला ते पिकतं, कारण पाटीचा काळा दगड दिवसा तापतो अन् रात्री वेलीला ऊब देतो.

पण उबेवर घर चालत नाही. मजुरी सपाट रानाच्या कितीतरी पट, जमिनीचे तुकडे, भाव व्यापाऱ्याच्या हाती. ओळखीचं वाटतं ना? मायशोस गावच्या बागायतदारांनी १८६८ साली सोसायटी काढली. माल एकत्र, विक्री एकत्र. त्याच मुलखात, ऱ्हाइनपलीकडं, फ्रीडरिश राइफायझन यांनी १८६४ मध्ये हेडेसडोर्फला पतसंस्था सुरू केली होती. आपल्याकडच्या १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याला त्यांच्याच विचाराचा मोठा आधार. साखर कारखाने, महाग्रेप्स सोडा. गावची सोसायटी मात्र बहुतेक ठिकाणी कर्जवाटप अन् वसुलीपाशीच थांबली.

१४ जुलै २०२१ च्या रात्री आर नदीला महापूर आला. खोऱ्यात १३० हून अधिक माणसं दगावली. बागा उंचावर, त्यामुळं बहुतेक वाचल्या. पण तळघरं, पिंपं, यंत्रं काठावर होती, ती गेली. काढणी तोंडावर आलेली. सरकारनं पूरग्रस्त भागांसाठी ३० अब्ज युरोंपर्यंतचा निधी जाहीर केला, पण निधी आला की अर्ज अन् कागदही आले. द्राक्ष कागदासाठी थांबत नाही. तेव्हा दुसऱ्या वाइन मुलखांतले बागायतदार, एरवी बाजारातले स्पर्धकच, यंत्रं अन् माणसं घेऊन धावले. चिखलानं माखलेल्या बाटल्या न धुता तशाच विकायला काढल्या. त्यातून ४० लाख युरोंहून अधिक रक्कम जमली.

पंचनामे वेळेवर व्हायलाच हवेत. तलाठी-ग्रामसेवकांना त्यातून सुटका नाही. पण सोसायटीच्या येत्या वार्षिक सभेत एक विषय घ्या. उद्या गारपीट झाली, नाला फुटला, तर शेजारगावचा ट्रॅक्टर, पंप, शीतगृहातली जागा कुणी मागायची अन् कुणी द्यायची? नावानिशी ठराव करा, अन् तो शेजारच्या सोसायटीलाही पाठवा.