लाइट गेल्यावर ती लाइट काय कामाची?

समुद्री टाकी बाळगणाऱ्या आपल्या मंडळींत ‘अपग्रेड’चा अर्थ एकच उरलाय: नवी लाइट. मोबाइलवरून चालणारी, सूर्योदय-सूर्यास्त दाखवणारी, मधूनच विजासुद्धा चमकवणारी. रील झकास होते. माझा आक्षेप उधळपट्टीला नाही. पैसे ज्याचे त्याचे. टाकीतल्या जिवांना जे आधी हवं, त्याचे पैसे ही लाइट खाते, याला आहे.

मुळात एवढी ताकदीची लाइट लागते कोणाला? अक्रोपोरासारख्या दगडी प्रवाळांना, जे उथळ, नितळ पाण्यात रणरणत्या उन्हाखाली वाढतात. हे दगडी प्रवाळ 2001 पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. आपल्या समुद्रातून ते काढणं, विकणं गुन्हा आहे. ‘ओळखीतला माणूस आणून देतो’ म्हणणाऱ्याशी मला वाद घालायचा नाही, बोलायचंच नाही. मग उरतात झोआन्थस, मशरूम, लेदर असे मऊ अंगाचे जीव. ओहोटीला मुंबईच्या एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर जाऊन बघा. झोआन्थसच्या चटया तिथल्या गढूळ पाण्यात पसरलेल्या दिसतील. त्यांना तुमच्या विजांची काय गरज?

उलट त्रासच होतो. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याच्या अन्नावर प्रवाळाचा बराचसा निर्वाह चालतो. अचानक प्रखर उजेड पडला की ते शैवाल घातक ऑक्सिजन-कण बनवू लागतं, प्रवाळ त्याला बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. मग दुकानदार म्हणतो, पाण्यात काहीतरी कमी आहे, ही बाटली घ्या.

आता दुसऱ्या लाइटबद्दल. पुण्यात देखभालीसाठी ती गुरुवारी जाते, पावसाळ्यात कुठल्याही वारी. पंप थांबतो, पाण्याचा पृष्ठभाग निश्चल होतो आणि हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरणं मंदावतं. दिवा विझल्यामुळे शैवाल बनवत होतं तोही बंद. 27 अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरमागे साधारण साडेसहा मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो. गोड्या पाण्यापेक्षा कमी. त्यावर मासे, प्रवाळ आणि खडकातले जिवाणू सगळेच जगतात. ऑफिसात बसून मोबाइलवर तुम्हाला फक्त ‘डिव्हाइस ऑफलाइन’ दिसतं.

यावरचा उपाय रीलमध्ये दिसत नाही. यूपीएसमध्ये असते तशी 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची बॅटरी 84 वॅट-तास साठवते. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण उपसायची नसते, म्हणून निम्मेच धरा. 8 वॅटचा डीसी पंप पाचेक तास फिरतो. पाणी हलत राहतं, एवढंच पुरे. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याला पंपाची वायर जोडायला इलेक्ट्रिशियनला अर्धा तास लागेल.

त्यानंतर उन्हाळा. चिलर महाग आहे हे मान्य. पण पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये पाण्यावर झोत मारणारा साधा पंखा बरंच काम करतो. एक लिटर पाणी वाफ होताना जी उष्णता नेतं, ती 200 लिटरची टाकी जवळपास 3 अंशांनी थंड करायला पुरेशी असते. (मुंबईच्या दमट हवेत हे गणित फसतं; तिथे चिलरच.) मात्र वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं. म्हणून आरओ-डीआयचं पाणी आपोआप भरणारा फ्लोट हवा, नाहीतर क्षारता रोज वरखाली होते. डिसेंबरात हीटर लावणार असाल तर त्याच्यावर वेगळा कटऑफ बसवा. स्वस्त थर्मोस्टॅट चिकटला की हीटर चालूच राहतो आणि टाकीचा रस्सा होतो.

आणि ते अ‍ॅप! मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, म्हणून अधिकाराने सांगतो: ज्या यंत्राला दिवा लावायला कुठल्यातरी सर्व्हरची परवानगी लागते, ते टाकीवर नको. कंपनी सेवा बंद करते, अपडेट अर्धवट उतरतं, पासवर्ड विसरतो. क्लाऊनफिश नीट सांभाळला तर वीसेक वर्षं जगतो. यातलं कुठलं अ‍ॅप तेवढं जगलंय? साधा टायमर घ्या.

एवढं झाल्यावर पैसे उरले, तर खुशाल लाइट घ्या. पहिले काही आठवडे ती निम्म्याहून कमी ताकदीवर ठेवा आणि विजांचं बटण बंद.