फोटोतला उजवीकडून दुसरा

आपले आजोबा पैलवान होते, हे मी पुण्यात आल्यापासून किमान पन्नास जणांना ऐकवलंय. एडिटरला, रूममेटला, एकदा तर पहिल्याच डेटवर! इम्प्रेशन सॉलिड पडतं. पण समोरच्यानं 'कुठल्या तालमीत? कुणाशी लढले?' असं विचारलं, की आपली गाडी तिथंच पंक्चर.

दिवाळीत कोल्हापूरला घरी गेले, तेव्हा बाबांनी माळा आवरायला काढला होता. रद्दीच्या ढिगात एक पत्र्याची ट्रंक. आत एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो. लंगोट लावलेले अकरा पैलवान, मध्ये फेटेवाले वस्ताद, पुढ्यात गदा. आजोबा तेवढे ओळखू आले. बाकी दहा जण? बाबांनाही पत्ता नाही. फोटोच्या मागे फक्त स्टुडिओचा शिक्का.

फोटोखाली घडी घातलेलं एक गुलाबी पोस्टर होतं. 'कुस्त्यांचे जंगी मैदान!' वर एक नंबरची जोड, पैलवानांचे फोटो, इनामाचा आकडा. खाली उतरत्या क्रमानं बाकीच्या कुस्त्या. शेवटून तिसऱ्या ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरात, आमचे आजोबा! अंगावर काटा आला, खरं सांगते.

वार होता, तारीख होती: रविवार, ता. २१ एप्रिल. साल मात्र नव्हतं. बरोबरच आहे म्हणा. जे पोस्टर चार दिवस भिंतीवर टिकणार, त्यावर साल कोण छापतं?

मग सुरू झाला आमचा सीआयडी एपिसोड. तिकिटाचा दर होता '५० न.पै.'. न.पै. म्हणजे नये पैसे. ते आले १९५७ मध्ये, आणि १९६४ मध्ये त्यातला 'नये' गळाला. एका पैलवानाच्या नावाआधी 'महाराष्ट्र केसरी' लिहिलेलं. ती स्पर्धाच सुरू झाली १९६१ मध्ये. म्हणजे उरली चार वर्षं. त्यांत २१ एप्रिलला रविवार एकदाच येतो, १९६३ मध्ये. आजोबा तेव्हा तेवीस वर्षांचे होते. माझ्यापेक्षा लहान!

बॉक्सिंगवाल्या देशांत जुन्या लढतींची पोस्टर्स लोक फ्रेम करून ठेवतात, लिलावात विकतात. आपल्याकडे ती एसटी स्टँडच्या भिंतीवर एकावर एक चिकटत जातात आणि पावसात गळून पडतात. खरं तर आपला इतिहास काही कमी नाही. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं कलोझियम पाहून आलेल्या शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारलं, ते १९१२ मध्ये खुलं झालं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधवांनी ब्राँझ जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. २०२३ मध्ये तर गुगलनंही त्यांचं डूडल केलं. मोठ्यांचे फोटो कुठे ना कुठे राहतात. पण मैदान भरतं ते शेवटून तिसऱ्या ओळीतल्या पोरांमुळे. त्यांचा पुरावा म्हणजे हे पोस्टर आणि आपल्या घरातली ट्रंक. बस्स.

आजोबांच्या तालमीतले दोघं तेव्हा हयात होते. एक तर आमच्याच गल्लीत. 'भाऊबीजेला जाते फोटो घेऊन,' असं ठरवलं, आणि डेडलाइन आली. म्हटलं, पुढच्या वेळी. संक्रांतीच्या आधी ते गेले.

होळीला मात्र दुसऱ्यांकडे गेलेच. वय पंच्याऐंशी. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. लॅपटॉपवर फोटो मोठा करून दाखवला. आधी ते नुसते बघत राहिले, मग बोट फिरायला लागलं.

"ह्यो तुझा आजा. ढाक मारायचा बघ. समोरच्याला आभाळच दिसायचं."

"आणि अण्णा, हे उजवीकडून दुसरे?"

"थांब की. तोंडावर हाय नाव, पर येईना." बराच वेळ गेला. मग म्हणाले, "तुमच्या गल्लीतल्याला इचारलं असतंस, तर झटक्यात सांगितलं असतं त्यानं. त्याला समद्यांची नावं पाठ हुती."

मी काहीच बोलले नाही. काय बोलणार?

अकरापैकी नऊ नावं मिळाली. गाव, आवडता डाव, पुढं कोण काय झालं, सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलंय. दोन जागा रिकाम्या आहेत. बहुतेक तशाच राहतील.

तर दोस्तहो, या वीकेंडचा फंडा एकदम सिंपल. घरी जा, ट्रंक उघडा. फोटो दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, मागचा शिक्काही महत्त्वाचा असतो. रिझोल्यूशन ६०० डीपीआय ठेवा. नावं मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं, अलगद लिहा. बॉलपेनचा ठसा पुढं उमटतो. पोस्टर फाटलं असेल तर सेलोटेप नको, तिचा गोंद पिवळा पडून कागद खातो. लॅमिनेशन तर नकोच नको, ते परत काढता येत नाही. उन्हापासून आणि ओलीपासून दूर, सपाट ठेवलं तरी पुरे.

आणि हे सगळं नंतर केलं तरी चालेल. स्कॅनर पुढच्या महिन्यातही मिळतो. आधी ज्यांना नावं आठवतात, त्यांच्याशेजारी जाऊन बसा. कुस्ती नसेल तर कबड्डीची टीम असेल, गिरणीतलं भजनी मंडळ असेल, आजीची शाळा असेल.

आमचा फोटो आता फ्रेम होऊन माझ्या डेस्कवर आलाय. खाली नऊ नावं आहेत. उजवीकडून दुसरा पैलवान छाती काढून थेट माझ्याकडे बघतोय, आणि मला अजून त्याला हाक मारता येत नाही.